तोंड तिकडे करा

खानापुरात तहसील कचेरीच्या बोळात
माझं दुकान.
पाटीवर कन्नड ठळक, खाली मराठी बारीक,
झेरॉक्स मात्र दोन्हीची तेवढीच काळी येते.

गल्ल्याखाली एक वही आहे, दोनशेपानी,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं कव्हर घातलेली.
तिच्यात एकशे चौऱ्याऐंशी माणसांचे पासवर्ड.
मी मागितले नव्हते.
"तूच ठेव गं, आम्ही विसरतो," म्हणत
एकेकानं आणून दिले,
परगावी जाताना शेजारी किल्ली ठेवतात तसे.

कुणाचा कुठला ते सांगत नाही.
एवढंच, की बैलांची नावं पुष्कळ आहेत,
मेलेल्या बैलांचीही.
एकाचा पासवर्ड म्हणजे चक्क शिवी.
ती मी दर महिन्याला त्याच्यासमोर टाइप करते
आणि तेवढा वेळ तो कॅलेंडर बघतो.

हलशीची यल्लव्वा.
पेन्शनच्या अर्जात नवऱ्याचा रकाना आला
तर रांगेतल्या नऊ जणांसमोर तिनं सांगितलं
तो कधी गेला, कशानं गेला,
आणि शेवटची सहा वर्षं कुणाकडं राहत होता तेही.
"हळू बोला की, मावशी."
"हळू कशाला? तुझ्या यंत्राला ऐकू यायला नको?"
रांग हसली.
तीही हसली, जरा उशिरा.

आणि काजू फॅक्टरीचे देसूरकर.
गाडी बोळात शिरत नाही म्हणून आधीच कपाळाला आठी.
कीबोर्ड स्वतःकडं ओढतात. म्हणतात,
"तोंड तिकडे करा."
मी करते.
तिकडे कपाटाची काच आहे,
काचेत त्यांची बोटं स्वच्छ दिसतात.
मी डोळे मिटून घेते.

खाजगी म्हणजे काय, मला विचाराल
तर ज्याच्यासाठी दुसऱ्यानं मान वळवायची, ते.
यल्लव्वासाठी कुणी वळवली नव्हती.
मीसुद्धा.

भाचा धनंजय बेंगळूरहून आला, वही बघून हादरला.
"आत्ती, ही जाळ आधी!"
त्यानं एक ॲप घालून दिलं, फुकटातलं,
कुठल्या कंपनीचं नाही म्हणे,
आत काय लिहिलंय ते जगात कुणीही वाचू शकतं.
"कुणीही?"
"कोड गं. पासवर्ड नव्हे."
"मग ठीक."

चांगलं आहे ते, खोटं कशाला बोलू.
नाव टाकलं की माणूस हजर,
पानं उलटायला नकोत, थुंकी लावायला नको.
पण उघडायला एक शब्द मागतं,
जो आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही असा एक.

रात्री शटर अर्धं ओढून बसले.
नाव रेशन कार्डावर. वय बँकेत.
माहेर मतदार यादीत,
पोटाचं ऑपरेशन विम्याच्या फॉर्मवर, टाक्यांसकट.
जे जे आठवलं ते कुठं ना कुठं
मीच माझ्या हातानं भरून दिलेलं.

साडेदहा वाजता सापडला.
लहानपणी मलप्रभेच्या पुलावरून एकटी येताना
भीती वाटली की जो म्हणायची,
अर्धा कन्नड, अर्धा मराठी,
अर्थ दोन्हीकडं नाही.
टाइप केला. नऊ ठिपके उमटले.
इथंही ठिपकेच समजा.

वही अजून जाळलेली नाही.
वीज गेली की ॲपही झोपतं, राउटरही,
आणि दुपारी दोनला वीज जातेच.

काल यल्लव्वा पुन्हा आली.
अर्ज परत आला होता, नवऱ्याचं नाव
एका कागदावर व्वा, एका कागदावर वा.
रांग बोळाच्या तोंडापर्यंत.
मी उठले, घसा खाकरला,
आणि सगळ्यांना म्हटलं, "तोंड तिकडे करा."

कुणी केलं. कुणी मोबाइलमध्ये होतं.
एक मास्तर, "का म्हणून?" म्हणाले.
आणि यल्लव्वा,
पिशवी छातीशी धरून,
सगळ्यांच्या आधी
भिंतीकडं वळून उभी राहिली होती.